कायगावला कबूल केलेले टक्के

अभ्यास न होण्यामागे कारण असते. कारण असले की त्याला नाव देता येते, नाव देता आले की त्याचा तज्ज्ञ निघतो, आणि तज्ज्ञ निघाला की अभ्यास होवो न होवो, निदान बॅच सुरू होते. शिक्षणात आजवर जी काही प्रगती झाली ती याच क्रमाने झालेली आहे, आणि पुंडलिकनगरच्या गुणोदय अभ्यास समस्या निवारण केंद्राकडे याच आदराने पाहायला हवे.

केंद्र एका प्लायवूडच्या दुकानावर आहे. खाली करवत सुरू झाली की वर एकाग्रतेचा तास घेतात. (करवतीत ज्याला एकाग्र होता आले त्याला बोर्डाची परीक्षा म्हणजे काहीच नाही, असे संचालक म्हणतात. ज्याला आले नाही त्याच्यासाठी पुढची पातळी आहे.) संचालक विश्वजीत सर यांनी उमेदीची सगळी वर्षे स्पर्धा परीक्षांच्या तयारीत घालवली, त्यामुळे अभ्यास न होण्याचा त्यांच्याइतका दांडगा अनुभव शहरात क्वचितच कोणाकडे असेल. त्यांच्या संशोधनानुसार अभ्यासाच्या समस्या सातच आहेत: आळस, मोबाइल, चालढकल, विसराळूपणा, परीक्षेची भीती, वेळेचे नियोजन नसणे आणि नकारात्मक कुटुंबीय. कोणी आठवी समस्या घेऊन आलाच तर त्याला सातांपैकी जवळच्या समस्येत सरकवून बसवतात, जसा एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो. केंद्राच्या पत्रकाप्रमाणे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव विद्यार्थ्यांचे गुण वाढले. उरलेल्या दोघांच्या पालकांनी सहकार्य केले नाही. (एकूण विद्यार्थी किती, हे पत्रकात नाही. एकूण विचारणे हे सातव्या समस्येचे लक्षण आहे.)

या केंद्रात मोनिकाला आणले ते तिच्या वडिलांनी, साहेबरावांनी. साहेबरावांना मात्र तिथे एका कावळ्याने आणले होते.

झाले असे, की आषाढात साहेबरावांचे वडील तात्यासाहेब गेले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्तीनंतर घरात नातीच्या अभ्यासाला बसत. दहाव्याला सगळी भावकी कायगावला, गोदावरीच्या काठी जमली. पिंड ठेवले, लोक मागे सरले, आणि कावळा समोरच्या बाभळीवर बसून राहिला. अशा वेळी मृताची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून मोठ्याने कबूल करायचे असते, हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून सुरुवात चुलत्यांनी केली.

"तात्या, अपेक्षाचं लग्न करतो आम्ही!"

अपेक्षा ही तात्यासाहेबांची मुलगी. ती चाळिशीला आलेली, छावणीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि तिथेच उभी होती. तिला कोणी विचारले नव्हते. कावळ्यानेही या प्रस्तावात रस दाखवला नाही.

"विहिरीच्या पाळ्या नीट लावू, तात्या!"

कावळ्याने पाठ फिरवली. (ज्यांनी हे कबूल केले त्यांनीही नंतर फिरवली.)

"लक्ष्मीबाईला काही कमी पडू देणार नाही!"

लक्ष्मीबाई, म्हणजे तात्यांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कावळा पिसे साफ करू लागला. ऊन चढले. कोणीतरी दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारले. तेव्हा साहेबराव पुढे झाले, हात जोडले आणि ओरडले, "तात्या, मोनीला पंच्याण्णव टक्के पाडून दाखवतो!"

नेमका त्याच वेळी चुलतभाऊ सत्यम पिंडापाशी वाकला होता, तो उठून मागे आला. पुण्यातल्या काकांना तो व्हिडिओ कॉलवर पिंड दाखवत होता आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. सत्यम बाजूला झाला, कावळा खाली उतरला, आणि पिंडाला शिवला.

दोन गोष्टी एकदमच घडल्या की त्यातली कुठली कारण मानायची, हे वडीलधारी माणसे ठरवतात. त्यांनी पंच्याण्णव टक्के ठरवले. "नातीतच जीव अडकला होता बरं का," चुलते म्हणाले, आणि लोक हातपाय धुवायला गेले.

अपेक्षाने बॅटरी संपताना पाहिली होती. तिचे वाचन पुष्कळ होते. कावळ्याला शेकडेवारी कळते असे तिने कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. पण कावळा उतरला तेव्हा तिनेही कोंडलेला श्वास सोडला होता, हे तिला ठाऊक होते. म्हणून तीही हातपाय धुवायला गेली.

परतीच्या जीपमध्ये मोनिका तिच्या शेजारी होती. दहावीतली मुलगी, केस दोन वेण्यांत, रडून नाक लाल झालेले.

"आत्या, नाय पडले तर?"

"काय?"

"टक्के. मग तात्या कुठं राहतील?"

गाडी स्पीडब्रेकरवर आदळली. अपेक्षाने मोनिकाच्या खांद्यावर हात ठेवला.  पोरीने उत्तर स्वतःच काढले, आणि मुले उत्तर स्वतः काढतात तेव्हा ते सहसा वाईट असते.

सहामाहीत मोनिकाला एकोणसत्तर टक्के पडले. नववीत चौऱ्याऐंशी होते. घरात कोणी ओरडले नाही. साहेबराव नुसते तात्यांच्या फोटोकडे पाहून म्हणाले, "माफ करा, तात्या," आणि ओरडण्यापेक्षा ते जास्त लागू पडले. दुसऱ्या दिवशी केंद्रात नाव घातले.

पहिली तपासणी समुपदेशन कक्षात झाली. (हा कक्ष म्हणजे जिन्याखालची जागा. वाकून जावे लागते, त्यामुळे पालकांमध्ये नम्रता आपोआप येते.)

"बेटा, अभ्यासाला बसलीस की काय होतं?" विश्वजीत सरांनी विचारले.

"काय नाय होत, सर."

"म्हणजे कंटाळा येतो?"

"नाय. आमचे तात्या बसायचे संगं. आता कुणी बसत नाय."

"गेले ते वडील माझे," साहेबराव म्हणाले. "आषाढात."

सरांनी डोळे मिटून दुःख व्यक्त केले आणि उघडून फॉर्म पाहिला. गेलेल्या माणसासाठी त्यावर रकाना नव्हता. मग बराच विचार करून त्यांनी 'वेळेचे नियोजन नसणे' यावर खूण केली आणि आणखी एक खूण शेजारच्या सातव्या समस्येवर केली.

"कुटुंबात सध्या जरा निगेटिव्ह वातावरण आहे, असं दिसतंय," ते म्हणाले. "टेन्शन नका लेऊ, साहेबराव. घरभेट ठेवू."

घरभेटीला स्वतः सर आले. त्यांनी चहा घेतला आणि व्यत्ययांचे सर्वेक्षण केले. टीव्ही गॅलरीत गेला. मिक्सर अभ्यासाच्या वेळेत बंद, चटणी पाट्यावर. (पाट्याचा आवाज नैसर्गिक असल्याने तो चालतो.) तात्यांचा फोटो अभ्यासाच्या टेबलासमोर होता, तो 'दृश्य भावनिक व्यत्यय' ठरला. मोनिका नको म्हणाली. मग मधला मार्ग निघाला: फोटो तिथेच ठेवायचा, पण तोंड भिंतीकडे. तात्यांची वेताची खुर्ची साहेबरावांनी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली.

शेवटी सर लक्ष्मीबाईंकडे वळले. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या आणि मधूनमधून नाक ओढत होत्या.

"आजी, तुम्ही रोज रडता का?"

"मंग काय करू, बाबा?"

"नाही, रडा ना. पण त्याला एक वेळ ठरवून घ्या. पोरगी शाळेत जाते तेव्हा मोकळं रडायचं. संध्याकाळी रिकामं राहायचं. मॅनेजमेंट आहे सगळं."

लक्ष्मीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "शाळेच्या वेळेलाच नळाला पाणी येतं," त्या म्हणाल्या. "पाणी आल्यावर कोण रडतं?"

सरांनी वेळापत्रकात दुरुस्ती केली. पाणी येणाऱ्या दिवशी रडणे दुपारी.

यावरून कोणी असे समजू नये की केंद्राचे उपाय परिणामकारक नव्हते. महिनाभरात घरातले सर्व व्यत्यय संपुष्टात आले. मिक्सर नाही, टीव्ही नाही, पाहुणे नाहीत, रडणे नाही, तात्या भिंतीकडे पाहताहेत. त्या निखळ शांततेत मोनिका पुस्तकासमोर बसे आणि साहेबराव दारातून दर थोड्या वेळाने डोकावून पाहत. ती बसलेली दिसे. बसणे आणि अभ्यास करणे यांत फरक करणारे उपकरण अजून केंद्रात आलेले नाही. पान तेच राही. ती जेवण कमी करू लागली होती आणि वहीच्या मागे एकच आकडा गिरवत होती. तो कोणता, हे वाचकांना सांगायला नको.

पूर्वपरीक्षेत अठ्ठ्याहत्तर पडले. केंद्राने याला 'नऊ टक्क्यांची झेप' म्हणून फलकावर लावले. साहेबराव मात्र कासावीस झाले.

"सर, मी कायगावला शब्द दिलेला आहे. तिथं माघार नसती."

सरांनी अशा अडचणी पाहिल्या होत्या. "साहेबराव, बेस्ट ऑफ फाइव्ह धरलं तर वाढतात. चित्रकलेचे वाढीव मार्क बसतील. सगळं मिळून जमवू आपण."

साहेबराव घरी आले ते नवीन शंका घेऊन. पिंडाला कावळा शिवला तो एकूण टक्क्यांवर की बेस्ट ऑफ फाइव्हवर? आपण कबूल करताना स्पष्ट केले नव्हते. त्यांनी दहाव्याच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी शांतपणे ऐकले आणि सांगितले, की शास्त्रात दोन्ही पक्ष आहेत, पण खेळाचे मार्क धरू नयेत.

अपेक्षा त्या दिवशी कॉलेजातून आली तेव्हा बाहेरच्या खोलीत ही चर्चा चालू होती. आत मोनिका टेबलाशी बसली होती. अपेक्षाने गच्चीवरून वेताची खुर्ची आणली आणि तिच्याशेजारी टेकली.

आता तात्यांच्या पद्धतीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, जरी तिला कुठल्याही केंद्राची मान्यता नाही. तात्या गणित चुकत. मोनिकाने उदाहरण वाचले की ते चष्मा लावून, "थांब, मी करतो," म्हणून सोडवायला घेत, आणि मध्यावर कुठेतरी घसरत. व्यास आणि त्रिज्या यांत त्यांची कायम गल्लत होई. मग मोनिका ओरडे, "ओ तात्या, काय करायलात!" आणि तात्या म्हणत, "मला काय कळतंय? तू सांग." ती सांगे. पहिल्यांदा तिला नीट सांगता येत नसे, म्हणून ती पुस्तक उघडून पाही. तात्यांना तरी कळत नसे, म्हणून ती ते पुन्हा उघडून पाही. असे करता करता चौऱ्याऐंशी पडले होते. अपेक्षालाही त्यांनी असेच शिकवले होते. मोठी झाल्यावर तिला कळले की म्हातारा मुद्दाम चुकायचा, आणि या युक्तीचे तिला मनातल्या मनात फार कौतुक होते.

"आण बरं, मी करते," अपेक्षा म्हणाली. तिने पेन घेतले, आणि भरपूर विचार केल्यासारखे करून लिहिले, सात आठे चोपन्न.

मोनिकाने वर पाहिले.

"आत्या, मुद्दाम कामून चुकायलीस?"

"मुद्दाम कुठं?"

"कळतं ना मला. तू एवढी शिकलेली. सात आठे चोपन्न म्हणे!"

"तात्या नाही का मुद्दाम चुकायचे?"

"नाय!" मोनिकाला हसू आले, आषाढानंतर बहुधा पहिल्यांदा. "तात्यांना खरंच येत नव्हतं. मला बी आधी वाटायचं नाटक करायलेत. मग एक दिवस मी निजले म्हणून ते एकटेच करत बसले माझं गणित. तीनदा केलं अन् तिन्हीदा चुकलं. मी बघितलं ना गोधडीतून."

 इतकी वर्षे अपेक्षाने एका हुशार माणसाचे कौतुक जपले होते. आता ते दुसऱ्याच कोणाचे निघाले, आणि तो माणूस तिला जास्त आवडला, हे सांगायला तोच नव्हता.

"बरं," ती म्हणाली, "आता हे खरंच करून बघते."

तिने समीकरण घेतले. ग्रंथपालाला रोज समीकरणे लागत नाहीत. तीन ओळी बरोबर गेल्या. चौथ्या ओळीत तिने पद उचलून दुसऱ्या बाजूला नेले आणि जसेच्या तसे ठेवून दिले.

"हां! हितं!" मोनिकाने पेन हिसकावले. "तिकडं गेलं की वजा व्हतंय ना, आत्या!"

"कामून?"

"कामून म्हणजे… म्हणजे बघ, दोन्ही बाजूंनी तेवढंच काढायलो ना आपण. तराजूसारखं."

"मग इथून गेलं, तिथं का दिसत नाही?"

"अगं काढलं ना तिथून! तू बी ना, तात्यांसारखीच हायेस ठार!" आणि ती सांगू लागली. एका बाजूला वाटी, एका बाजूला पेला ठेवून तिने दाखवले. अपेक्षाला खरेच पटकन समजले नाही, हे या प्रसंगी फार उपयोगाचे ठरले. सांगता सांगता मोनिकाने फोटो सरळ केला, कारण तो तिच्या पुस्तकाला आडवा येत होता.

बाहेर साहेबराव फोनवर गुरुजींना विचारत होते, की तोंडी परीक्षेचे मार्क कशात धरायचे.

मोनिका थांबली. आवाज खाली आणून तिने विचारले, "आत्या, तात्या अडकलेत का गं?"

अपेक्षाने तिला बॅटरीची गोष्ट सांगितली. पुण्याचे काका, सत्यमचा फोन, सत्यम उठला, कावळा उतरला. सगळी.

मोनिकाने ती नीट ऐकून घेतली. "मग तात्यांना पाहिजे काय होतं?"

"मला काय कळतंय?" अपेक्षा म्हणाली. "तू सांग."

 पोरीने पुढचे उदाहरण काढले आणि वही आत्याकडे सरकवली. "हे कर. अन् घाई करू नको, तू घाईत चुकतीस."

परीक्षा होईपर्यंत अपेक्षा रोज चुकली. तिला त्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागले नाहीत. लक्ष्मीबाईही येऊन बसू लागल्या आणि इतिहासात कोण कोणाचा मुलगा यावर गोंधळ घालू लागल्या. रडणे आले तर त्या वेळापत्रक न पाहता रडत, आणि मोनिका "आज्जी, थांब, एवढी लढाई होऊ दे," म्हणे.

निकाल लागला त्या दुपारी साहेबराव बोर्डाच्या संकेतस्थळासमोर हात जोडून बसले होते. पान काही उघडेना. मोनिकाने आत्याच्या फोनवर पाहिले, फोन खिशात घातला आणि आजीकडे गेली.

"पास झाली का?" लक्ष्मीबाईंनी विचारले.

"झाले."

"मंग तात्यापुढं साखर ठेव."

तिने साखर ठेवली. मग ती वेताच्या खुर्चीत मांडी घालून बसली आणि दोन वेळा वाढून घेऊन जेवली. अपेक्षा तिच्याकडे पाहत राहिली. तिला जे पाहायचे होते ते दिसले होते.

केंद्राने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मोनिकाचा फोटो आहे, विश्वजीत सरांचा त्याहून मोठा आहे, आणि नव्या बॅचची घोषणा आहे. मोनिकाच्या तोंडून त्यांना सगळी हकीकत कळल्यावर समस्यांच्या यादीत आठवी भरली गेली: 'घरात चुकणाऱ्या व्यक्तीचा अभाव'. ज्यांच्या घरी सगळेच बरोबर असतात त्यांच्यासाठी केंद्र प्रशिक्षित आजोबा पुरवते. त्यांना कुठल्या ओळीत चुकायचे ते आधी छापून देतात. (दोघांना काढून टाकावे लागले. ते छापल्याप्रमाणे चुकत नव्हते, मनाने चुकत होते.)

वर्षश्राद्धाला भावकी पुन्हा जमली. घरात पाय टाकता टाकता प्रत्येकाने तेच विचारले, आणि साहेबरावांनी प्रत्येकाला एकूण, बेस्ट ऑफ फाइव्ह आणि गुरुजींचे मत असे तिन्ही क्रमाने सांगितले. लक्ष्मीबाईंनी केळीच्या पानावर वडे, खीर आणि तात्यांची आवडती येसराची आमटी वाढून पान गच्चीच्या कठड्यावर ठेवले. या वेळी सत्यमने फोन चार्ज करून आणला होता, पण मोनिकाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

कावळा लगेच आला. त्याने वडा उचलला, आमटीत बुडवला, दोन घास खाल्ले आणि उडून गेला. किती पडले, हे त्याने विचारले नाही.

तुम्ही मात्र निकालाच्या दुपारपासून आतापर्यंतच्या सगळ्या ओळी त्या आकड्यासाठीच चाळत आला आहात. संकोच करू नका. केंद्र पुंडलिकनगरला, प्लायवूडच्या दुकानावर आहे. जिन्याखालच्या कक्षात जाताना जरा वाकावे लागते, पण त्याची तुम्हाला सवय असेलच.